बराक, टी-गर्डर आणि स्लॅब : उल्हासनगर परिसरातील जुन्या वास्तूंचा इतिहास

जुन्या वास्तूचे काय करायचे, या प्रश्नासाठी मराठीला शब्दांची उणीव कधी भासली नाही. गळकी कौले बदलणे, उखडलेला गिलावा पुन्हा करणे, एवढ्यापुरती ती डागडुजी असते. मूळ जागा आणि मूळ रूप राखून खचलेला भाग नव्याने उभारणे हा जीर्णोद्धार. देवळांच्या संदर्भात हा शब्द पुण्यकृत्याच्या अर्थाने रूढ झाला. जुने सगळे उतरवून त्याच जोत्यावर नवे उभे केले, तर ती पुनर्बांधणी. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या शब्दांच्या पंक्तीला पुनर्विकास हा चौथा शब्द येऊन बसला असून, मूळ रहिवाशांना नवी घरे द्यायची, वाढीव बांधकाम बाजारात विकायचे आणि त्या विक्रीतून सगळा खर्च भागवायचा, असा व्यवहार त्यात गृहीत धरलेला असतो. कल्याणच्या पुढे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर एकापाठोपाठ येणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत हे चारही प्रकार घडले आहेत. मात्र त्यांपैकी उल्हासनगरात ‘दुरुस्ती’ या साध्या शब्दाला जो इतिहास चिकटला आहे, तो महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही शहराच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

या इतिहासाची सुरुवात दुसऱ्या महायुद्धात होते. मुंबई बंदर आणि कल्याणचे रेल्वे जंक्शन या दोहोंच्या सोयीने, वालधुनी नदीच्या काठच्या माळरानावर ब्रिटिश सरकारने सैन्याचा एक तळ उभारला. ‘कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प’ हे त्याचे नाव. म्हणजे आघाडीवर जाणारे किंवा तेथून परतणारे सैनिक काही दिवस थांबून पुढे रवाना होतील, असा मुक्कामाचा तळ. सुमारे ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर माणसे यांच्या सोयीसाठी तेथे २,१२६ बराकी आणि सुमारे १,१७३ निवासस्थाने बांधली गेल्याची नोंद आढळते. बहुतेक बराकींची रचना एकसारखी होती : मध्यभागी एक लांबलचक दालन, दोन्ही टोकांना जोडलेल्या खोल्या आणि वर उतरते छप्पर. युद्ध संपेपर्यंत टिकणे, एवढीच या बांधकामाकडून अपेक्षा होती. १९४५ नंतर तळ ओस पडला आणि त्याचे प्रयोजनही संपले.

प्रयोजन संपलेल्या या वास्तूंना दुसरे आयुष्य मिळाले ते फाळणीमुळे. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर सिंधमधील हिंदूंचे स्थलांतर मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. बोटीने मुंबईला उतरलेल्या हजारो कुटुंबांना ठेवायचे कोठे, हा मुंबई सरकारपुढचा तातडीचा प्रश्न होता आणि कल्याणजवळच्या रिकाम्या बराकी हे त्याचे तयार उत्तर होते. पाहता पाहता या तळावर लाखाच्या आसपास निर्वासित येऊन पोहोचले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. नावात जवळून वाहणारी उल्हास नदी आहे, आणि घरदार सोडून आलेल्या माणसांसाठी आनंदाची कामनाही आहे. तरीही लोकांच्या तोंडी ‘कॅम्प’ हा शब्द राहिला तो राहिलाच. आजही शहराचे भाग कॅम्प नंबर १ ते ५ या नावांनीच ओळखले जातात आणि कल्याणच्या जुन्या पिढीतील माणूस उल्हासनगरला जाताना ‘कॅम्पात जातो’ असेच म्हणतो.

एका बराकीत अनेक कुटुंबे राहू लागल्यावर पहिली गरज पडली ती आडोशाची. सैनिकांच्या खाटा ओळीने मांडता याव्यात म्हणून मधले दालन अखंड ठेवलेले होते. त्यात गोणपाट, चादरी आणि साड्या बांधून प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाट्याची जागा वेगळी केली. पुढे कापडाच्या जागी पत्रा आणि फळ्या आल्या, फळ्यांच्या जागी विटांची भिंत आली, बाहेरचा मोकळा पट्टा कुंपण घालून स्वयंपाकघरात किंवा दुकानात सामील झाला, छपराखालच्या उंचीत पोटमाळा बसला. इथला ‘बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक’ असा टपाली पत्ता हा या प्रक्रियेचा लेखी अवशेष होय. बराक हे एकेकाळचे एकसंध घर, रूम हा त्याचा वाटून घेतलेला तुकडा आणि दोन रूममधली भिंत ही दोघांची सामाईक, असे त्या पत्त्याचे विश्लेषण करता येते. या सामाईक भिंतीनेच पुढच्या सत्तर वर्षांचे वाद आणि धोके जन्माला घातले. कारण शेजाऱ्याच्या छपराला धक्का न लावता आपले छप्पर बदलणे बराकीत राहणाऱ्याला शक्यच नव्हते. एकाच आढ्याखाली अर्ध्या भागावर जुने उतरते छप्पर, मधल्या तुकड्यावर पत्रा आणि टोकाला दोन मजल्यांचे सिमेंटचे घर, असे दृश्य या शहरात दीर्घकाळ दिसत राहिले.

मालकीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात मागे राहिलेल्या मालमत्तेचा दावा तपासून त्याच्या बदल्यात भारतात नुकसानभरपाई देण्यासाठी केंद्र सरकारने १९५४ मध्ये विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) अधिनियम केला. त्याच्या आधारे उल्हासनगरातील बराकींमधील जागा तेथे राहणाऱ्यांच्या नावे करून देण्यात येऊ लागल्या आणि त्या हस्तांतरणाचा जो दस्त मिळे, त्याला ‘सनद’ म्हणतात. ज्यांनी सनद घेतली ते मालक झाले. ज्यांच्याकडे दाव्याची कागदपत्रे नव्हती, जे नंतर आले किंवा ज्यांनी मूळ रहिवाशाकडून साध्या कागदावर जागा घेतली, ते राहते झाले पण कागदोपत्री मालक झाले नाहीत. शिवाय सनद मिळे ती ताब्यातील मोजक्या जागेची. बराकींमधल्या मोकळ्या जागा, गल्ल्या, शौचालयांचे पट्टे आणि मैदाने सरकारकडेच राहिली, आणि वस्ती वाढली ती नेमकी या मोकळ्या जागांवर. १९५४ चा मूळ कायदा संसदेने २००५ मध्ये रद्द केला, तोवर एका पिढीचे हक्क निश्चित झाले होते आणि दुसऱ्या पिढीचे अर्धवटच होते.

बांधकामाच्या इतिहासात मालकीची चर्चा इतक्या तपशिलाने करण्याचे कारण आहे. इमारतीचे आयुष्य सिमेंट आणि लोखंडावर जितके अवलंबून असते, तितकेच ते तिच्या देखभालीची जबाबदारी आणि अधिकार कोणाकडे आहे, यावरही अवलंबून असते. याचे एक उदाहरण अगदी निराळ्या मुलखातून देता येते. अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात बटलर विद्यापीठाचे ‘हिंकल फील्डहाउस’ नावाचे बास्केटबॉलचे बंदिस्त क्रीडागार १९२८ मध्ये उघडले गेले. बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीए संस्थेत, हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून तयार केला. त्यामुळे थंड प्रदेशातील महाविद्यालयांत त्यासाठी हजारो प्रेक्षकांची क्रीडागारे उभी राहिली. महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४५ या वर्षांत, हे क्रीडागार अमेरिकी सैन्यासाठी बराक म्हणून वापरले गेले. म्हणजे कल्याणजवळ माळरानावर सैनिकांसाठी लांब दालने बांधली जात होती, त्याच सुमारास तिकडे खेळाचे एक प्रचंड दालन सैनिकांच्या झोपण्याची जागा बनले होते.

दोन्ही वास्तूंचा पुढचा प्रवास मात्र विरुद्ध दिशांनी झाला. जुने क्रीडागार पाडून नवे बांधावे की आहे तेच सुधारावे, हा वाद अमेरिकेतील महाविद्यालयांत वारंवार होतो आणि अनेकदा जुने पाडलेही जाते. पण हिंकलला १९८७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि २०१४ च्या सुमारास मोठा खर्च करून त्याचे नूतनीकरण झाले. विटा, लोखंडी कमानी, वरच्या खिडक्यांतून लाकडी फरशीवर पडणारा उजेड, हे सारे राखून आतल्या सोयी तेवढ्या बदलल्या गेल्या. हे जमले, कारण त्या वास्तूला एकच मालक होता, तिचा वापर ठरलेला होता, तिचे नकाशे हाताशी होते, आणि ती टिकावी असे वाटणारी माणसे पिढ्यान् पिढ्या तयार होत होती. उल्हासनगरच्या बराकींना टिकवावे असे वाटणारी माणसे हजारोंनी होती, कारण ते त्यांचे राहते घर होते. पण उरलेल्या तीन गोष्टींपैकी एकही त्यांच्याजवळ नव्हती.

सुरुवातीच्या दशकांत काही बराकींमध्ये शाळा भरू लागल्या, काहींत दवाखाने, धर्मस्थाने आणि कारखाने निघाले. शिक्षणाची ओढ असलेल्या या समाजाने शाळांपाठोपाठ महाविद्यालयेही उभारली : १९६१ मध्ये सेवा सदन संस्थेचे आर. के. तलरेजा महाविद्यालय आणि १९६५ मध्ये हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाचे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय सुरू झाले. फर्निचर, पापड, मिठाई, तयार कपडे आणि पुढे जीन्स यांच्या उद्योगाने शहराची भरभराट झाली. उद्योग घरातच चालत असल्याने घराची जागा अपुरी पडू लागली, आणि येथूनच ‘दुरुस्ती’ या शब्दाचा अर्थ बदलू लागला.

नवे बांधकाम करायचे तर मालकीचा कागद, मंजूर नकाशा आणि मोकळी जागा सोडण्याचे नियम आडवे येत. राहत्या घराच्या दुरुस्तीची परवानगी त्या मानाने सहज मिळे. त्यामुळे परवानगी दुरुस्तीची घ्यायची आणि जुनी भिंत उतरवून त्या जागी नवे, बहुधा एक मजला वाढवलेले घर बांधायचे, हा रिवाज पडला. या घरांसाठी जी पद्धत सर्वांत सोयीची ठरली, तिला स्थानिक बोलीत ‘टी-गर्डर’ म्हणतात. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे लोखंडी गर्डर एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर ठरावीक अंतराने टाकायचे, दोन गर्डरांच्या पाखांवर दगडी लाद्या बसवायच्या आणि वरून कोबा करून घ्यायचा, की मजल्याची जमीन तयार होते. फळ्या आणि टेकू लावून स्लॅब ओतावा लागत नाही, काँक्रीट घट्ट होण्याची वाट पाहावी लागत नाही, काम काही दिवसांत उरकते. मात्र या पद्धतीत सगळा भार भिंतींवर येतो. नव्या घराची भिंत स्वतंत्र पायावर उभी असेल तर गोष्ट वेगळी. ती जर एकमजली बराकीसाठी घातलेल्या उथळ पायावरच उभी असेल, तर वरचा प्रत्येक मजला त्या पायावर मूळ हिशेबात नसलेला बोजा टाकतो. टी-गर्डरचे घर बांधणाऱ्यांना सरसकट दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल. ज्याला कायदेशीर मार्गाने वाढीव खोली बांधण्याची वाटच ठेवलेली नव्हती, त्याने वाढत्या कुटुंबासाठी काढलेला तो मार्ग होता.

यापुढची पायरी अधिक घातक ठरली. १९८० नंतर, विशेषतः १९९० च्या दशकात, शेजारशेजारच्या काही रूम एकत्र करून त्या जागी चार-पाच मजल्यांच्या सिमेंट काँक्रीटच्या इमारती वेगाने उभ्या राहू लागल्या. त्या दशकात नदी आणि खाडीतून रेती काढण्यावर निर्बंध आले, चांगली रेती महाग आणि दुर्मिळ झाली, आणि तिच्या जागी ‘वालवा रेती’ या नावाने ओळखली जाणारी निकृष्ट रेती आणि दगडाचा चुरा वापरून स्लॅब ओतले गेले. शहरातील जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची बिल्डिंग’ हा जवळजवळ एक स्वतंत्र वर्गच आहे, आणि तो शब्दप्रयोग ऐकताच समोरचा माणूस त्या घराचा व्यवहार करावा की नाही याचा विचार करू लागतो.

अशा स्लॅबचे काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. काँक्रीटमधील लोखंडी सळ्या सुरक्षित राहतात त्या त्यांच्याभोवतीच्या दाट आणि अल्कधर्मी आवरणामुळे. रेतीत माती किंवा मीठ असेल, सिमेंटचे प्रमाण कमी असेल किंवा सळीखालचे आवरण पातळ असेल, तर न्हाणीघराचे आणि गच्चीचे पाणी झिरपत सळीपर्यंत पोहोचते. सळी गंजते, गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते आणि आतून दाब देऊन खालचे काँक्रीट फोडते. घरात राहणाऱ्याला प्रथम छताला एक बारीक रेघ दिसते, नंतर तपकिरी डाग, नंतर फुगवटा, आणि एके दिवशी हाताएवढी खपली गादीवर पडते. बहुतेक घरांत यावर उपाय होतो तो गिलाव्याचा आणि रंगाचा, म्हणजे डागडुजीचा. त्याने डाग झाकला जातो आणि गंज आत वाढत राहतो. गच्ची गळते म्हणून तिच्यावर आणखी एक कोब्याचा थर चढवला, तर अशक्त झालेल्या स्लॅबवर वजन मात्र वाढते. वरचा स्लॅब सुटला की तो खालच्या तितक्याच अशक्त स्लॅबवर आदळतो आणि एकाखाली एक मजले भेदत तळापर्यंत जातो.

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात नेमके हेच घडले. टाळेबंदीमुळे माणसे घरातच असताना, १५ मे आणि २८ मे या दोन दिवशी दोन वेगवेगळ्या इमारतींचे स्लॅब कोसळले आणि दोन्ही मिळून दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅम्प ५ मध्ये अशाच दुर्घटनेत पुन्हा जीवितहानी झाली. कायद्याचा इतिहास या घटनांच्या शेजारी ठेवून पाहिला, तर एक विसंगती स्पष्ट दिसते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५अ नुसार इमारतीच्या संरचनेची तपासणी करून स्थैर्याचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक होते ते इमारतीला ३० वर्षे पूर्ण झाल्यावर. इथल्या १९९० च्या दशकातील इमारती तर पंचविशीच्या आसपासच कोसळू लागल्या होत्या. नियम करणाऱ्यांनी सर्वसाधारण काँक्रीटचे वय गृहीत धरले होते; या शहरातील काँक्रीट सर्वसाधारण नव्हते. २०२१ नंतर महापालिकेने त्या दशकातील इमारतींनाही तपासणीच्या नोटिसा बजावल्या, पण तो धडा माणसांचे प्राण गेल्यावर घेतलेला होता, हे विसरता येत नाही.

१९९० च्या दशकातील बांधकामे आणि २०२१ च्या दुर्घटना यांच्या मध्ये न्यायालयाचा अध्याय येतो. अनधिकृत बांधकामांविरुद्धच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या सुमारास शहरातील ८५५ इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि पाडकाम सुरूही झाले. लाखो रुपये देऊन घर घेतलेल्या कुटुंबांना त्यामुळे जबर धक्का बसला. आंदोलने झाली आणि राज्य सरकारने २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी अनधिकृत विकास नियमाधीन करण्याचा कायदा केला. एका शहरापुरता असा कायदा करावा लागणे ही महाराष्ट्रात असाधारण गोष्ट होती, आणि निर्वासितांच्या पुनर्वसनापासून साचत आलेल्या गुंत्याची ती एका अर्थाने सरकारी कबुली होती. प्रत्यक्षात दंडाची रक्कम, मालकीचे कागद आणि इमारत मजबूत असल्याचे प्रमाणपत्र या तीन अटींमुळे अर्ज करणारे थोडे आणि प्रक्रिया पूर्ण करणारे त्याहून थोडे निघाले. दरम्यान काही ठिकाणी कारवाई म्हणून स्लॅबला मोठी भोके पाडून इमारत तशीच सोडली गेली होती. रहिवाशांनी ती भोके बुजवली आणि पुन्हा संसार मांडला. तोडलेली सळी नुसत्या सिमेंटने जुळत नाही. अर्धवट पाडणे आणि अर्धवट दुरुस्त करणे, हे दोन्ही एकाच स्लॅबच्या नशिबी येणे याहून वाईट अवस्था कोणत्याही वास्तूची होऊ शकत नाही.

राज्य सरकारने २०१५ मध्ये धोकादायक इमारतींचे वर्गीकरण ठरवून दिले. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडावयाची. ‘सी-२अ’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करावयाची. ‘सी-२ब’ म्हणजे माणसे राहत असतानाच दुरुस्त करता येणारी. आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. दुरुस्त करावे की पाडावे, या प्रश्नाला तांत्रिक उत्तर मिळण्याची ही पद्धत रास्त आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची यादी प्रसिद्ध होते, घरावर नोटीस चिकटते, वीज आणि पाणी तोडण्याचा इशारा दिला जातो. अडचण पुढेच आहे : रिकामे करून जायचे कोठे? मुंबईत जुन्या चाळींच्या रहिवाशांसाठी म्हाडाची संक्रमण शिबिरे आहेत; उल्हासनगरात तशी पुरेशी सोय कधीच उभी राहिली नाही. जे शहर मुळात संक्रमण शिबिर म्हणून बांधले गेले, ट्रान्झिट कॅम्प या शब्दाचा अर्थच तो, त्या शहरातील माणसांना घराची दुरुस्ती होईपर्यंत राहायला आज संक्रमण शिबिर मिळत नाही, ही या इतिहासातील सर्वांत दुःखद गोष्ट आहे.

शेजारच्या अंबरनाथमध्ये काळाचे माप निराळे आहे. हे नगर आधुनिक उद्योगांत उल्हासनगरच्या आधीचे : धरमसी मोरारजी केमिकल कंपनीची स्थापना १९१९ ची, विम्को या आगपेट्यांच्या कंपनीचा कारखाना १९२४ चा, आणि पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आणि तिची वसाहत. परंतु वालधुनीच्याच काठी उभे असलेले शिवमंदिर या सर्वांच्या साडेआठशेहून अधिक वर्षे आधीचे आहे. शिलाहार राजा छित्तराज याच्या काळात सुरू झालेले हे बांधकाम मुम्मुणी याच्या कारकिर्दीत, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मध्ये, पूर्ण झाल्याचे तेथील शिलालेखावरून ठरते. काळ्या पाषाणातील हे मंदिर भूमिज शैलीचे, म्हणजे शिखरावर लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळीने चढत जातात अशा रचनेचे आहे. गर्भगृहात पायऱ्या उतरून खाली जावे लागते आणि वरचे शिखर आज अपूर्ण दिसते. ते अपूर्ण शिखर नव्या दगडांनी पुरे करण्याचा जीर्णोद्धार कोणी केला नाही, आणि ते योग्यच झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे ते जपणे, हेच येथील धोरण राहिले.

या मंदिराच्या इतिहासातील एक प्रसंग बराकींच्या संदर्भात फार मोलाचा आहे. १८६८ मध्ये मुंबई सरकारने या वास्तूची पद्धतशीर नोंद करवून घेतली. मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कला विद्यालयातील विद्यार्थ्यांना तेथे नेऊन शिल्पांची रेखाटने करण्यात आली, साचे घेण्यात आले. शिलालेखाचे वाचन आधी डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आणि नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले, आणि आधी ७८२ असा वाचला गेलेला शक पुढे ९८२ असा निश्चित झाला. दगड झिजत राहिला तरी त्याच्या त्या वेळच्या स्थितीचा पुरावा कागदावर उरला. कोणत्याही संवर्धनाची खरी पहिली पायरी हीच असते. जे आहे ते मोजून लिहून ठेवल्याशिवाय काय राखायचे आणि काय बदलायचे, हे ठरवता येत नाही.

बदलापूरची कथा तुलनेने अलीकडची आहे. या वाटेने जाणाऱ्या स्वारांचे घोडे येथे बदलले जात म्हणून गावाला हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. कल्याणहून पळसदरीपर्यंतचा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला तरी गाव दीर्घकाळ गावच राहिले. कल्याण महापालिकेत १९८३ पासून समाविष्ट असलेली अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर ही दोन्ही ठिकाणे १९९२ मध्ये वेगळी होऊन त्यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या, आणि त्यानंतर मुंबईत घर न परवडणाऱ्या मराठी नोकरदारांनी बदलापूर भरून काढले. २००१ मध्ये एक लाखाच्या आत असलेली तेथील लोकसंख्या २०११ मध्ये १,७४,२२६ झाली. त्या लाटेतील उद्वाहन नसलेल्या तीन-चार मजली इमारती आता तिशीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्यापुढे सनदेचा प्रश्न नाही, पण त्याचेच एक भावंड आहे : घरे विकली गेली तरी खालची जमीन अनेक ठिकाणी बांधकाम करणाऱ्याच्या किंवा मूळ शेतकऱ्याच्याच नावे सात-बारावर राहिली. ती सोसायटीच्या नावे करून घेण्यासाठी ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणजे विकासकाच्या सहीवाचूनही सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने होणारे हस्तांतरण, ही सोय २००८ च्या दुरुस्तीने कायद्यात झाली आहे. ज्या सोसायट्या ते काम इमारत धडधाकट असतानाच उरकून घेतील, त्यांना पाडावे की राखावे हे स्वतः ठरवता येईल. इतरांच्या वतीने तो निर्णय दुसराच कोणी घेईल.

तिन्ही शहरांच्या या इतिहासातून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. नऊशे साठ वर्षांचे मंदिर उभे आहे, युद्धापुरत्या बांधलेल्या बराकींचे काही तुकडे ऐंशी वर्षांनंतरही माणसांना निवारा देत आहेत, आणि त्यांच्याच जागी उभारलेले स्लॅब पंचवीस वर्षांत कोसळले आहेत. तेव्हा वास्तूचे जीर्णत्व तिच्या वयावरून ठरवणे चूक आहे. म्हणून सरसकट ‘जुने ते धोकादायक’ म्हणून सगळे शहर एका फटक्यात नवे करण्याची योजना जितकी अपुरी, तितकाच आपापल्या छताला गिलावा करून दिवस ढकलण्याचा मार्गही अपुरा. १९९० च्या दशकातील ज्या इमारती तपासणीत सी-१ ठरतील त्या पाडल्याच पाहिजेत, त्यात भावनेला जागा नाही. पण पाडण्यापूर्वी रहिवाशाच्या हाती हक्काचा कागद आणि डोक्यावर तात्पुरते छप्पर, या दोन गोष्टी देणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

बराकींच्या बाबतीत वेळ आणखी थोडा आहे. मूळ छप्पर आणि मूळ भिंती एकत्र असलेली अखंड बराक आता शोधूनच सापडते, आणि पुढच्या पुनर्विकासात ती उरणार नाही. अंबरनाथच्या मंदिरासाठी १८६८ मध्ये मुंबईहून विद्यार्थी आणावे लागले होते; उल्हासनगरात आज दोन मोठी महाविद्यालये साठ वर्षांची परंपरा सांगत उभी आहेत, आणि कराचीहून बोटीने आलेल्या पिढीतील शेवटची माणसे अजून त्यांच्या आसपासच्या गल्ल्यांत राहतात. या महाविद्यालयांनी महापालिकेच्या मदतीने प्रत्येक कॅम्पातील निदान एक बराक मोजावी, तिचा नकाशा आणि छायाचित्रे तयार करावीत, कोणत्या खोलीत कोणते कुटुंब केव्हा आले आणि भिंत कोणत्या वर्षी उठली हे त्या वृद्धांकडून लिहून घ्यावे, आणि हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करावे.